नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद?

‘बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद केली.’ लग्नकार्यात, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर हे वाक्य हमखास कानावर पडतं. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं आणि ऐकणारे माना डोलावतात. ताप उतरला की तापाची गोळी थांबवायची, हे आपण लहानपणापासून शिकलो. बीपीचं तसं नाही. १६० वरून १२८ वर आलेलं वरचं बीपी गोळीने तिथे धरून ठेवलेलं असतं. गोळी थांबली की ते बहुधा पुन्हा चढतं, आणि चढताना कसलीही चाहूल देत नाही. बहुतेकांचं ना डोकं दुखतं, ना चक्कर येते. पुष्कळ घरांत पहिली खबर मिळते ती थेट पॅरालिसिसच्या झटक्याने.

माझी आत्या साताऱ्याजवळच्या खेड्यात राहते. तिनेही गोळी बंद केली होती, पण कारण वेगळं होतं. संध्याकाळी पायांना सूज यायची, चपलेचा पट्टा रुतायचा. हे तिने कुणाला सांगितलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला ‘गोळी रोज घेता ना?’ असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ‘आजी, महिन्यातून किती दिवस गोळी चुकते?’ पहिल्या प्रश्नाला सगळेच ‘हो’ म्हणतात. दुसऱ्या प्रश्नात चुकणं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे खरं सांगायला संकोच वाटत नाही. आत्याने सांगून टाकलं. बाईंनी खाली वाकून घोट्याजवळ अंगठा दाबून पाहिला, खळगा पडला. ॲम्लोडिपिन नावाच्या अगदी नेहमीच्या गोळीने काहींच्या पायांना अशी सूज येते. त्यांनी गोळी बदलून दिली. शिवाय गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानातून काय आणता, हेही विचारलं, कारण डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात. आत्या आता गोळी चुकवत नाही. दोन नेमके प्रश्न आणि एकदा खाली वाकून पाहणं, एवढ्यात काम झालं. मला चांगले उपचार म्हणतात ते हेच वाटतं.

बीपी मोजण्यातही हेच लक्ष हवं. गर्दीच्या दवाखान्यात जिना चढून आलेल्या माणसाला स्टुलावर बसवतात, शर्टाच्या बाहीवरच पट्टा गुंडाळतात आणि मोजता मोजता तक्रारी विचारतात. तो आकडा हमखास जास्त येतो. खरं तर आधी पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली असावी, पावलं जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला असावा. लघवी करून बसावं. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावं. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी वरचं १४० किंवा खालचं ९० आणि त्याहून जास्त येत राहिलं, तर तो उच्च रक्तदाब. घरी मोजत असाल तर १३५ आणि ८५ ही मर्यादा धरतात. घरचे आकडे वहीत तारखेसह लिहिले तर डॉक्टरांना एका दिवसाच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक कळतं.

आता स्वयंपाकघर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ हवं. चार माणसांच्या घरात त्या हिशेबाने महिन्याला फार तर ६०० ग्रॅम. आपल्याकडे किलोची पिशवी महिनाभर पुरत नसेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज ८ ग्रॅमहून जास्त मीठ जातं आहे, आणि त्यात बाहेरचं फरसाण, वेफर्स, पाव धरलेलेच नाहीत. ताट वाढताना सर्वात आधी मीठ वाढायची आपली रीत आहे. बीपीच्या माणसाच्या ताटात ते वाढू नये. लोणचं, पापड, खारवलेली मिरची, कोकणातले सुके मासे सणावारापुरते ठेवावेत. सैंधव वापरलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तेही सोडियमचंच मीठ. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

वजन एक किलोने उतरलं की वरचं बीपी साधारण एका अंकाने उतरतं. आठवड्यात १५० मिनिटं भरभर चालणं, तंबाखू आणि दारू सोडणं, पुरेशी झोप, या सगळ्याचा फायदा खरा आहे. कधी कधी त्यामुळे गोळीची मात्रा कमीही होते. पण ती डॉक्टरांनी आकडे बघून कमी करायची असते, आपण मनाने नाही.

असे चांगले उपचार फक्त शहरातल्या महागड्या तज्ज्ञांकडेच मिळतात, असा समज नको. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्य सरकारांनी मिळून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. पद्धत साधी: ठरावीक स्वस्त गोळ्या, त्यांचा न तुटणारा पुरवठा, गावाजवळच बीपी मोजणारी सिस्टर आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. महागडी यंत्रं नव्हती, नेम होता.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी मोफत मोजतात. मोजलं नसेल तर या आठवड्यात मोजून घ्या. गोळी चालू असेल तर पुढच्या वेळी गोळ्यांची पाकिटं आणि आकड्यांची वही सोबत न्या, आणि किती गोळ्या चुकल्या, का चुकल्या, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगा.