पुण्याच्या भिंतीवर सावित्री, आपल्या सातबाऱ्यावर कोण?



आपल्या जिल्हा बैठकीत एक ठराव दरवेळी असतो. 'महिलांना नेतृत्वात योग्य स्थान द्यावे.' मांडणारा पुरुष, अनुमोदन देणारा पुरुष, आणि समोर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवणाऱ्या बाया. ठराव मंजूर होतो, भाजी-भाकरी होते, गाड्या गावाकडे लागतात. पुढच्या बैठकीला तोच ठराव, फक्त तारीख नवी. या ठरावाबद्दल यंदा जरा कडू बोलायचे आहे. राग आला तर बैठकीत येऊन सांगा.

गेल्या मृगाच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका बाईला घेऊन मी पुण्याला गेलो होतो. नवरा जाऊन दोन वर्षे झालेली, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि ज्वारी. निंदणापासून वेचणीपर्यंत सगळे तीच करते. एका अर्जाचा पाठपुरावा होता. जमाबंदी आयुक्त पुण्यात, कृषी आयुक्त पुण्यात, सहकार आयुक्त पुण्यात. आपण राबतो वावरात आणि आपला कागद फिरतो पुण्यात. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण सगळीकडे तेच घडले असते. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज उलटापालटा केला, बाईकडे न पाहता मला विचारले, "शेतकरी कुठे आहे? त्याला घेऊन या."

त्यांच्या डोक्यावर भिंतीला सावित्रीबाईंची तसबीर होती. ताजा हार घातलेली.

पुण्याने सावित्रीबाईंना डोक्यावर घेतले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, त्या वाटेवर बाईंनी शेणमार खाल्ला, आणि २०१४ साली पुण्याच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव लागले. पण जी सावित्रीबाई आपल्याला दाखवतात ती शाळेतली मास्तरीण. सोसणारी, शिकवणारी, नवऱ्याच्या पाठीशी उभी राहणारी. तेवढी सगळ्यांना चालते. जी चालत नाही, ती फारशी कोणी सांगत नाही.

ती अशी. सावित्रीबाई नायगावच्या नेवसे पाटलांची लेक, म्हणजे आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या घरची. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे गाव सोडून निघाली, तेव्हा त्या जुन्नर भागात हिंडल्या, ओतूरहून त्यांनी जोतीबांना तिथल्या हालाचे पत्र लिहिले. अन्नछत्रे चालवणे, धान्य गोळा करणे, अधिकाऱ्यांशी बोलणे ही कामे त्यांनी केली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीबा गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. भाऊबंद वाद घालतच असताना सावित्रीबाईंनी टिटवे स्वतः हातात घेतले आणि पुढे चालू लागल्या. त्या काळच्या पुण्यात, विधवा बाई! पुढे सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी सांभाळली. १८९३ साली सासवडच्या अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला त्या गेल्या.

म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, शेतकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका संघटनेच्या अधिवेशनाची अध्यक्ष बाई होती. आपल्या जिल्ह्याचा अध्यक्ष आजवर कितीदा बाई झाली? बोटे मोजायला घ्या, हात पुरा लागणार नाही.

आणखी एक नाव आपल्या कापसाच्या मुलखातले. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. त्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले. पुरुष स्वतःला कोणत्या दोषांची माफी देतो आणि तेच दोष बाईत दिसले तर तिला कशी ठेचतो, हे तिने तोंडावर विचारले. सनातनी चिडले असतील यात नवल नाही. पण सत्यशोधकांच्याच वर्तुळातल्या पत्रकर्त्यांनाही ते झोंबले! शेवटी १८८५ साली जोतीबांना 'सत्सार'मधून तिची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र निघाले नाही. परक्याचा दगड माणूस सोसतो. आपल्याच गोटातले लोक तोंड फिरवतात तेव्हा लेखणी खाली ठेवली जाते.

आपला गोट कसा आहे? ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. बाया लाखांनी आल्या. घरी भाकरी कोणी थापायच्या हा प्रश्न त्या दोन दिवसांत गावोगावच्या पुरुषांनी सोडवला आणि कोणी उपाशी मेले नाही. त्यानंतर ग्रामपंचायतीत सगळ्याच जागा बायांनी लढवायच्या, असे गावोगाव सुरू झाले. जळगाव जिल्ह्यात विटनेरला १९८९ साली पूर्ण महिलांची ग्रामपंचायत आली. १९९० ला राज्याने तीस टक्के जागा राखल्या, १९९२ ला ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांच्या. कोणी दान दिले नाही. आधी बाया निवडून आल्या, मग सरकारला सुचले.

तरी अडते कुठे? सगळे म्हणतात, सरपंचबाईचा नवरा कारभार पाहतो. पाहतो, खरे आहे. पण ते दुखण्याचे लक्षण झाले. दुखणे सातबाऱ्यात आहे.

हिशेब बघा. जमीन नावावर नाही, म्हणून पीककर्ज नाही. जमीन नाही, म्हणून विकास सोसायटीतही सभासद नाही. सभासद नाही, तर संचालक कुठून होणार? आणि सोसायटीत नाही ती बाजार समितीत कशी पोचणार? सहकारी सोसायटीच्या मंडळात बायांना दोन जागा कायद्याने ठेवल्या आहेत. त्या दोन जागांसाठी गावात सभासद बाई सापडत नाही, मग कोणा पुढाऱ्याच्या घरातले नाव शोधून काढतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ बायांकडे होती. एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस वेचायची बाई, ओटी भरून आणायची बाई, आणि केंद्रावर चुकारा निघायचा बाप्याच्या नावे. एकाधिकार गेला, चुकाऱ्याचे नाव तेच राहिले.

यावर उपाय आपणच काढला होता, हे विसरू नका. लक्ष्मीमुक्ती. नवऱ्याने आपल्या खुशीने जमिनीत बायकोचे नाव लावायचे. विटनेरच्या बायांच्या पंचायतीने ते करून दाखवले. १९९२ ला सरकारने त्यावर निर्णय काढला. नवऱ्याने संमतीचा अर्ज द्यायचा, फेरफार धरायचा, की सातबाऱ्यावर दोघांची नावे. कायदा आहे, वाट आहे, चालणारे पाय थांबले.

कारणे मला पाठ आहेत, कारण मीच ती दिली आहेत. 'बाई जमीन घेऊन माहेरी जाईल.' बरे, लक्ष्मीमुक्ती झालेल्या गावांतून किती बाया जमीन विकून पळाल्या? एक दाखवा. दारूपायी, जुगारापायी, सावकाराच्या ओट्यावर अंगठा देऊन जमीन घालवलेले बाप्ये मात्र प्रत्येक गावात आहेत, आणि घरच्या बाईला ते लिलावाची नोटीस आल्यावर कळले आहे. दोन नावे असती तर एका सहीत सगळे वावर गेले नसते. दुसरे कारण, 'बायाच पुढे येत नाहीत.' रास्ता रोकोत पुढच्या रांगेत कोण होते? लाठी पडली तेव्हा आणि जेल भरले तेव्हा त्या पुढे होत्या. खुर्ची मांडली की त्या मागे कशा गेल्या?

पुण्याहून परत येताना रात्रीच्या गाडीत ती बाई खिडकीशी गप्प बसली होती. साहेबावर मी बरेच तोंडसुख घेतले. नगर मागे पडल्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या सातबाऱ्यावर वहिनीचं नाव हाये काय?"

नव्हते. लक्ष्मीमुक्तीच्या सभेत मी हात वर केला होता, छातीला लाल बिल्ला होता, घोषणाही मीच दिली होती. मग पेरणी आली, मग भावाची वाटणी, मग थोरलीचे लग्न. राहून गेले. तीस वर्षे राहून गेले. त्या साहेबाने शेतकरी कुठे आहे विचारले, आणि माझा सातबारा पाहिला असता तर त्याचेच खरे ठरले असते.

या बैठकीत तालुका आणि जिल्हा पदाधिकाऱ्यांची नावे ठरणार आहेत. माझी सूचना आहे की ज्याच्या सातबाऱ्यावर घरच्या बाईचे नाव नाही, त्याचे नाव पदासाठी घेऊच नये. उतारा बरोबर आणायचा, मंडपाच्या दारात दाखवायचा. आणि 'योग्य स्थान' हा शब्द ठरावातून काढून तिथे 'निम्मी पदे' लिहायचे. अध्यक्षपद एक पाळी बाईला, एक पाळी बाप्याला, सुरुवात यंदा बाईपासून.

ही सूचना मीही स्वतःला लावून घेतो. अर्ज मागच्या महिन्यात दिला आहे, पोच जवळ आहे. फेरफार अजून मंजूर झालेला नाही, तोवर माझे नाव कोणी सुचवू नये.