इकोच्या सायलेन्सरमधली 'माती' इतकी महाग का?

बेसा (जि. नागपूर) : रात्री अंगणात उभी केलेली मारुती इको सकाळी सुरू केली की ट्रॅक्टरसारखी धडधडते. खाली वाकून पाहावं तर सायलेन्सर गायब. असे गुन्हे गेल्या काही वर्षांत राज्यात ठिकठिकाणी नोंदले गेले. चोराला लोखंडाशी घेणं-देणं नसतं, त्याला हवी असते आतली 'माती'.

ही माती म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली चिनीमातीची वीट अन् तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा पातळ थर. धूर यावरून गेला की त्यातलं विष कमी होतं. हे धातू काम करतात, पण स्वतः संपत नाहीत. म्हणून गाडी भंगारात गेली तरी ते आतच राहतात. वजन जेमतेम काही ग्रॅम, पण जगातलं बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतं, मग भाव असणारच. युरियासाठी अमोनिया बनवणाऱ्या कारखान्यांतही असाच वापरून झालेला निकेलचा माल निघतो.

केंद्राने 3 सप्टेंबर 2025 रोजी 1,500 कोटींची योजना मंजूर केली. ई-कचरा, लिथियम बॅटऱ्या अन् असे कन्व्हर्टर यांतून धातू काढणाऱ्यांना यंत्रसामग्रीवर 20 टक्के अनुदान आहे. एक तृतीयांश पैसा लहान व नव्या उद्योजकांसाठी राखीव. योजनेचं काम पाहतं वाडीचं जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र, म्हणजे नागपूरच्याच दुसऱ्या टोकाला.

मेख पुढे आहे. अनुदान मिळतं प्रत्यक्ष धातू वेगळा करणाऱ्याला. गावोगावी माल गोळा करणाऱ्या भंगारवाल्याला त्यातून थेट काही नाही. तो जो रोख देईल त्याला विकणार, पावती कोण मागतो? आणि पावती नसलेल्या बाजारातच चोरीचा माल खपतो. गोळा करणाऱ्याला नोंदणी अन् वाजवी भाव मिळाला असता तर चोराची वाट अवघड झाली असती.

दुसरी गोष्ट जमिनीची. प्लॅटिनम सुटं करायला तेजाब लागतं. ते पाणी नाल्यात गेलं तर विहिरी कामातून जातील. बेसा-पिपळा भागात शेतं जाऊन ले-आउट पडले, रिकामे प्लॉट भाड्याने जातात. भंगाराच्या गोदामाला जागा देताना प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आधी पाहावी, अन् भाडेकरारावर धंदा काय ते स्पष्ट लिहून घ्यावं.

जुनी इको घेणाऱ्यांनीही आधी गाडीखाली वाकून पाहावं. कन्व्हर्टर काढून नुसता पाइप जोडलेला असेल, तर नव्याचा खर्च घेणाऱ्याच्याच माथी येतो.