व्यवसायकराची अर्धीच फेरतपासणी
दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन घेणाऱ्या स्त्रियांना राज्य शासनाने १ एप्रिल २०२३ पासून व्यवसायकरातून मुक्त केले, हे योग्यच झाले. परंतु पुरुषांचे काय? शिवाजी पेठेतील दुकानात दहा हजारांहून थोडे अधिक मिळविणारा कारकून वर्षाला २,५०० रुपये भरतो, आणि लाखाचा पगार घेणारा साहेबही तेवढेच! घटनेच्या २७६ व्या कलमाने १९८८ पासून ही कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून वरच्यांकडून अधिक घेता येत नाही, हे खरे. खालच्यांना सूट देण्यास मात्र घटना आड येत नाही. केंद्राने २०२५ साली नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न आयकरमुक्त केले. राज्याचा हात त्याच्या दशांशावरच पडतो. पुरुषांची मर्यादाही शासनाने २५,००० करावी, अशी आमची मागणी आहे.