प्रेम करतोस की पहारा देतोस?

दोस्तांनो, आज शिव्या बाहेरच्यांना नाहीत. आज आपल्याच पोरांना आहेत.

२५ डिसेंबर आला की आपण महाडला जातो. १९२७ साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथं मनुस्मृती जाळली. घोषणा देऊन आपला घसा बसतो. आणि परतीच्या एसटीत हाच वाघ मोबाईल काढून पोरीला विचारतो, "कुठंयस? बरोबर कोणाय? फोटो पाठव."

बाईनं लहानपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या, म्हातारपणी पोराच्या ताब्यात राहावं, असं मनूनं सांगितलं. मनूकडं लोकेशन नव्हतं. तुझ्याकडं आहे. पुस्तक जळलं रे, पण राख तू खिशात घालून फिरतोयस.

म्हणे, "प्रेम आहे म्हणून जळतो." सालगडी दुसऱ्याच्या बांधावर दिसला की पाटलाचंही काळीज जळायचं. त्या जळण्याला आपल्या बापजाद्यांनी कधी प्रेम म्हटलं नाही. ती मालकी होती. मग तुझी वेगळी कशी?

आधी पासवर्ड मागतोस. मग तिच्या मैत्रिणी वाईट ठरवतोस. मग कपडे, मग कॉलेज, मग नोकरी. मग एक दिवस थोबाडीत देतोस. रात्री पाया पडतोस, जीव देतो म्हणतोस. सकाळी परत, "कुठंयस?"

मी शहाणा म्हणून सांगत नाही. मीही तिच्या ऑफिससमोर दोन तास लपून उभा राहिलोय. ती सोबतच्या माणसाशी हसत बाहेर आली, मला बघितलं आणि एकदम गप्प झाली. मान खाली. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. गावात वरच्या आळीतून जाताना माझ्या आजीचा चेहरा असाच व्हायचा. त्या दिवशी मला कळलं, मी कुणाच्या जागी उभा आहे.

"पोरीपण संशय घेतात की!" घेतात. तेही चूकच. पण २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवणारा तिचा पाठलाग करणारा पुरुष होता. आठवड्यात ती गेली. अशा बातम्यांची सुरुवात पेट्रोलपासून होत नाही. "माझी नाही तर कुणाचीच नाही" इथून होते. हे वाक्य आपल्या नाक्यावर किती जण मर्दानगी म्हणून बोलतात?

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभ्या राहा, गुलाम होऊ नका. पाठलाग हा २०१३ पासून कायद्यानं वेगळा गुन्हा आहे. नवरा बायकोचा मालक नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ साली सांगितलं. कोर्टाला उशीर झाला. तुला तर घरातूनच शिकवण होती.

संशय आला तर तोंडानं विचार. ती जाते म्हणाली तर वाट सोड. रडायचं तर रड, आम्ही आहोत दोस्त. पण माणसावर सातबारा चढत नाही.

तिचा फोन तुझ्या हातात आहे ना? दे परत. आत्ता.