विश्लेषण : सीसीटीव्ही मोबाइलवर दिसावा म्हणून राउटरचे ‘डीएमझेड’ सुरू करावे का?

वरळी कोळीवाड्यातील घरे एकमेकांना खेटून आहेत. अरुंद गल्लीत अनोळखी माणूस शिरला, की कुठल्या ना कुठल्या दारातून ‘कोण पाहिजे?’ असा प्रश्न येतोच. घरातला वाय-फाय राउटरही हेच करतो. बाहेरून न बोलावता आलेली जोडणी तो दारातच अडवतो. मात्र ‘कॅमेरा मोबाइलवर दिसत नाही’ अशी तक्रार केली, की काही वेळा कॅमेरा बसवणारा राउटरमध्ये ‘डीएमझेड होस्ट’ सुरू करून मोकळा होतो. चित्र दिसू लागते आणि आपणही खूश होतो. माझ्या मते, घरासाठी हा सौदा महागाचा आहे.

डीएमझेड म्हणजे काय?

डीएमझेड म्हणजे ‘डीमिलिटराइज्ड झोन’. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मध्ये १९५३ च्या युद्धविरामानंतर आखला गेला तसा निर्लष्करी पट्टा. मोठ्या कार्यालयांत बाहेरच्यांसाठी खुला सर्व्हर अशाच वेगळ्या पट्ट्यात ठेवतात. तो हॅक झाला तरी आतल्या संगणकांपुढे फायरवॉल उभी असते.

घरच्या राउटरवर काय होते?

इथे नाव तेच, पण वेगळा पट्टा नसतो. डीव्हीआरचा आयपी पत्ता ‘डीएमझेड होस्ट’च्या रकान्यात टाकला, की बाहेरून येणारी जवळपास प्रत्येक जोडणी, कुठल्याही पोर्टवर आली तरी, थेट डीव्हीआरकडे जाते. तो डीव्हीआर तुमच्या मोबाइल-लॅपटॉपच्याच नेटवर्कमध्ये असतो. त्याचा ताबा गेला, तर बाकीच्या उपकरणांपर्यंतची वाट सोपी होते.

धोका खरा आहे का?

२०१६ मध्ये ‘मिराई’ने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने ‘डिन’ कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अडखळल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांचे सीसीटीव्ही चित्रण बाहेर आले. त्या प्रकरणात लातूर आणि सांगलीतूनही अटक झाली. उघडे कॅमेरे शोधणारे लोक फार दूर नसतात.

मग काय करावे?

• राउटरच्या स्टेटस पानावरील वॅन आयपी आणि ‘माय आयपी’ शोधल्यावर दिसणारा पत्ता जुळवून पाहा. दोन्ही वेगळे असतील, तर बहुधा इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते (सीजीनॅट). अशा वेळी डीएमझेड सुरू करूनही कॅमेरा दिसणार नाही.
• कॅमेऱ्याचे अधिकृत अ‍ॅप वापरा. त्यासाठी सहसा पोर्ट उघडावे लागत नाही.
• गेमिंगसाठी गरज असेल, तर लागतो तेवढाच पोर्ट फॉरवर्ड करा.
• चाचणीपुरते डीएमझेड सुरू केले असेल, तर काम होताच बंद करा.
• राउटर आणि डीव्हीआर या दोन्हींचे मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट ठेवा.

पुढच्या वेळी कॅमेरा बसवणाऱ्याला ‘दिसतंय ना?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘राउटरमध्ये काय उघडलंत?’ हेही विचारा आणि ते सेटिंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.