घरगुती पॉवर सप्लाय: आधी करंटची मर्यादा, मग व्होल्टेजची बढाई



विज्ञान प्रदर्शनात किंवा आयटीआयच्या प्रकल्पांमध्ये घरी बनवलेला पॉवर सप्लाय हमखास असतो. बटण फिरवलं की मीटरवर ५, ९, १२ असे आकडे दिसतात आणि बघणारे खूश होतात. पण अशा सप्लायबद्दल पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा: "यात करंट किती जाऊ द्यायचा, हे ठरवता येतं का?" माझं स्पष्ट मत आहे की, शिकणाऱ्याच्या टेबलावरच्या सप्लायमध्ये करंटची मर्यादा ही चैन नाही, ती पहिली गरज आहे.

का, ते बघू. नवशिक्याकडून जोडणी चुकणारच. एलईडीला रेझिस्टर लावायचा राहतो, ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागतात. मर्यादा नसलेला सप्लाय अशा वेळी जेवढा देता येईल तेवढा करंट देतो आणि भाग जळतो. दोन-तीनदा असं झालं की मूल म्हणतं, "मला नाही जमत." भाग काही रुपयांचा असतो हो, पण गेलेला आत्मविश्वास कुठल्या दुकानात मिळणार?

"फ्यूज लावला की झालं!" असं काही जण म्हणतात. फ्यूज तारा वाचवतो, आग टाळतो, म्हणून तो हवाच. पण १ अँपिअरचा फ्यूज १ अँपिअर आरामात जाऊ देतो आणि साधी एलईडी २० मिलिअँपिअरवर चालते. फ्यूजला जाग येईपर्यंत एलईडी केव्हाच गेलेली असते.

आता दुसरा मुद्दा. सप्लाय लिनिअर असावा की स्विचिंग? समजा, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आहे आणि आपल्याला ५ व्होल्टला अर्धा अँपिअर हवा आहे. एलएम३१७ सारखी लिनिअर आयसी उरलेले १४ व्होल्ट स्वतःवर घेते. म्हणजे २.५ वॅट कामाचे आणि ७ वॅट नुसती उष्णता! स्विचिंग सप्लाय मात्र नळ अर्धवट उघडत नाही, तो सेकंदाला हजारो वेळा पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद करतो. मधली कॉइल आणि कपॅसिटर तो प्रवाह सपाट करतात. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर वाया जातात जेमतेम ०.६ वॅट.

खरी गंमत शॉर्ट सर्किट झाल्यावर कळते. अर्ध्या अँपिअरची मर्यादा असलेल्या लिनिअर सप्लायवर तेव्हा जवळजवळ ९.५ वॅटचा भार पडतो. म्हणजे संरक्षण चालू असतानाच तो सर्वात जास्त तापतो. स्विचिंगमध्ये तोच अर्धा अँपिअर मुख्यतः डायोडमधून फिरतो आणि उष्णता खूपच कमी होते. म्हणून करंटची मर्यादा आणि स्विचिंग ही जोडी मला जमलेली वाटते.

मर्यादा कशी आणायची? टीएल४९४ ही जुनी, स्वस्त आयसी शिकवायला उत्तम आहे. तिच्यात दोन एरर अ‍ॅम्प्लिफायर असतात. एकाला व्होल्टेजवर लक्ष ठेवायला सांगा, दुसऱ्याला करंटवर. दोघांपैकी जो "पुरे" म्हणेल त्याचं ऐकलं जातं. करंट मोजायला अ‍ॅडॅप्टरचं ऋण टोक आणि आउटपुटचं ऋण टोक यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर घाला. अर्ध्या अँपिअरला त्यावर अर्धा व्होल्ट येतो: ओहमचा नियम, दुसरं काही नाही! ०.१ ओहम घेतला तर २० मिलिअँपिअरला फक्त २ मिलिव्होल्ट मिळतात. इतक्या बारीक फरकावर ही आयसी विसंबू शकत नाही. १०० किलोहर्ट्झ आणि २२० मायक्रोहेन्रीची कॉइल घेतली तर १९ वरून ५ व्होल्ट करताना कॉइलमधला चढउतार सुमारे ०.१७ अँपिअर राहतो. आपल्या कामाला तो चालतो.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. आउटपुटचा कपॅसिटर मर्यादेच्या पलीकडे, थेट आउटपुटवर बसलेला असतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टला ०.०७२ ज्यूल ऊर्जा साठवतो. छोट्या लाल एलईडीला ती पावणेदोन सेकंद पुरेल, पण जोडताच ती एका क्षणात तिच्यावर कोसळते. म्हणून तिथे कमी अंतर्गत रोधाचा १०० मायक्रोफॅरड पुरे. आणि सवय लावा: आधी व्होल्टेज शून्याजवळ, मग जोडणी, मग हळूहळू वर.

"तयार मॉड्यूल मिळतं की! बनवायचं कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण विकत घेताना नीट बघा. एलएम२५९६ च्या साध्या मॉड्यूलमध्ये आयसीची स्वतःची मर्यादा असते, पण ती ३ अँपिअरच्याही वर. ती आयसीला वाचवते, तुमच्या एलईडीला नाही. हे कळायला एकदा तरी स्वतः बनवायला हवं.

मात्र एका बाबतीत तडजोड नको. २३० व्होल्टची बाजू विद्यार्थ्यांनी उघडायची नाही. स्विचिंग सप्लायच्या आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. बंदिस्त, प्रमाणित अ‍ॅडॅप्टर घ्या आणि आपलं सगळं डिझाइन त्याच्या पुढे करा. शिकण्यासारखं सारं तिथेच आहे.

शेवटी परीक्षक शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी विद्यार्थ्याला "किती व्होल्टपर्यंत जातो?" असं विचारू नका. मर्यादा १०० मिलिअँपिअरवर ठेवायला सांगा आणि म्हणा, "आता दोन्ही तारा एकमेकींना टेकव." ज्याचा हात न थरथरता तारा टेकवेल, त्याला पूर्ण गुण द्या.