टिळकांची खरी कसोटी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ध्येयनिष्ठेचा विषय निघाला, कीं आमचे टीकाकार १८९५ सालच्या बाप्तिस्म्यापाशींच थबकतात. कोणी त्यास त्याग म्हणतो, कोणी धर्मद्रोह. परंतु खरी कसोटी तीच, याविषयीं उभय पक्षांचें एकमत! आम्हांस तें मान्य नाहीं. त्या वेळीं टिळकांची जात सुटली, आप्त दुरावले, पत्नीचाहि कांहीं वर्षें वियोग झाला, हें कोण नाकारील? तथापि ज्या मंडळींत ते गेले, तिनें त्यांस आसरा दिला, काम दिलें, वेतन दिलें. १९१७ सालीं त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनची तीच नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या शिष्यास तेथें सारखीच जागा. हें धाडस परक्यांशीं नव्हे, स्वकीयांशीं होतें. आणि तें वयाच्या छपन्नाव्या वर्षीं! (त्याच वयाचा प्रस्तुत लेखक दरमहा पगाराच्या तारखेची वाट पाहत असतो, हें कबूल केलेलें बरें.)

'दरबार टिकला नाहीं, अर्थात् फसला,' असें कांहीं पंडित म्हणतात. १९१९ च्या मे महिन्यांत टिळक वारले. अवघ्या दोन वर्षांत संस्थापकास मुकलेल्या कार्याचा ताळेबंद मांडून जे निष्ठेची किंमत ठरवितात, ते उद्यां 'ख्रिस्तायना'सहि टिळकांच्या हातून अपुरें राहिलें म्हणून नापास करतील! तें लक्ष्मीबाईंनीं पुढें पुरें केलें, हें त्यांस कोणीं सांगावें?